अलाइनमेंट ठीक, तरी गाडी डावीकडे ओढते : माझा अनुभव

पावसाळाभर आमची हॅचबॅक चिपळूणला अंगणात जवळजवळ उभीच होती. गणपतीनंतर वापर सुरू झाला आणि स्टिअरिंगची पकड जरा सैल केली की गाडी डावीकडे जायला लागली. ज्याला विचारावं तो एकच सांगे, "अलाइनमेंट करून घ्या." म्हणजे चाकांचे कोन मशीनवर जुळवून घेणं. करून घेतली. स्टिअरिंग सरळ झालं, ओढ तशीच.

मग ठरवलं, आणखी पैसे घालण्याआधी ही ओढ नेमकी कधी येते ते बघायचं. फक्त ब्रेक दाबल्यावर? ॲक्सिलरेटर दिल्यावर? की एका वेगात जातानाही? मिस्त्रीकडे जाण्याआधी एवढं नक्की माहीत असलं तर निम्मं काम होतं. शिवाय पाणी वाहून जावं म्हणून आपले रस्ते मध्ये उंच आणि कडेला उतरते असतात. डांबरी रस्त्याला साधारण २ ते २.५ टक्के उतार ठेवतात. आपण डावीकडून चालवतो, त्यामुळे धडधाकट गाडीही किंचित डावीकडे कलते. म्हणून रविवारी सकाळी खेर्डी एमआयडीसीतल्या रिकाम्या रस्त्यावर गाडी अगदी मधोमध, हळू चालवली, मग उलट दिशेनेही. दोन्ही वेळा डावीकडेच गेली, तीही ब्रेकला पाय न लावता. म्हणजे दोष रस्त्याचा नव्हता.

हवा टायर थंड असताना, दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरप्रमाणे दोन्ही बाजूंना सारखी भरली. फरक नाही. मग पुढची दोन्ही चाकं आपसात बदलून घेतली. रेडियल टायरचे आतले थर जरा सरकलेले असले तर टायर वरून चांगला दिसतो, पण एका अंगाला पळतो. अशा वेळी चाकं बदलली की ओढही बाजू बदलते. (टायरवर फिरण्याच्या दिशेचा बाण असेल तर मात्र अशी अदलाबदल कायमची ठेवू नका.) माझी गाडी डावीकडेच जात राहिली, तेव्हा टायर निर्दोष ठरले.

अलाइनमेंटचा छापील कागद मी मागून घेतला होता, तुम्हीही घ्या. बऱ्याच छोट्या गाड्यांत फक्त टो (चाकं पुढच्या बाजूने आत किंवा बाहेर वळलेली असण्याचा कोन) ॲडजस्ट होतो, आणि टो बिघडला तर मुख्यतः टायर झिजतो आणि स्टिअरिंग वाकडं बसतं. एकसारखी ओढ असेल तर कॅम्बर (चाकाचा वरच्या बाजूने आत-बाहेर कल) आणि कॅस्टर (चाक ज्या अक्षावर वळतं त्याचा पुढे-मागे कल) यांत डाव्या-उजव्या बाजूला किती फरक आहे ते बघायचं. माझ्या कागदावर तो नगण्य होता.

राहिले ब्रेक. थोडं अंतर ब्रेक जवळजवळ न वापरता चालवून गाडी थांबवली आणि प्रत्येक रिमजवळ तळहात नेला (स्पर्श करू नका, भाजतं). उजवीकडे कोमट. पुढच्या डाव्या चाकाची धग हाताला लांबूनच लागली, आणि जळका वासही होता. निदान तिथेच झालं.

मिस्त्रीने जॅक लावून चाक हाताने फिरवलं, तर ते अडकून फिरत होतं. मग त्याने कॅलिपरचा (ब्रेक पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागाचा) ब्लीडर, म्हणजे ब्रेक ऑइल बाहेर सोडायचा स्क्रू, थोडा सैल केला. पाइपमध्ये दाब अडकला असता तर तेवढ्याने चाक मोकळं झालं असतं. झालं नाही. "पिना धरल्यात, दादा," तो म्हणाला. कॅलिपर ज्या दोन पिनांवर सरकतो, त्यातली एक गंजून जाम झाली होती. आतला पॅड पत्र्यापर्यंत झिजलेला, बाहेरचा अजून जाड.

पिना घासून साफ केल्या, त्यांना ब्रेकसाठीचं खास ग्रीस लावलं. साधं ग्रीस रबराला फुगवतं, म्हणून ते लावू द्यायचं नाही. पॅड दोन्ही बाजूंचे एकदमच बदलले. उजवीकडच्या पिना अजून सरकत होत्या, पण एका पिनेवरच्या रबरी बुटाला चीर गेली होती. तोही त्याच दिवशी बदलून घेतला.