नळी तळापर्यंत सोडायची : आमची वाटचाल

2007 साली चिपळूणच्या बाजारपेठेत दहा बाय बाराच्या गाळ्यावर आम्ही पाटी लावली, तेव्हा लोकांना वाटलं हेल्मेट-गमबुटाचं दुकान निघालं. तेही विकत होतोच, कारण ‘कारखान्यातली जोखीम तपासून देतो’ म्हटल्यावर खिशात हात घालणारा कोणी नव्हता. भागीदार माझा मावसभाऊ. तो पंधरा वर्षं बर्फ कारखान्यांत फिटर, आणि मी लोट्याच्या औद्योगिक वसाहतीत एका रसायन कारखान्यात सेफ्टीची नोकरी केलेला. त्याच्या हातातलं कसब, माझ्या जुन्या वह्या आणि पतसंस्थेचं कर्ज काढून घेतलेला चार गॅसचा एक डिटेक्टर, एवढंच भांडवल.

या यंत्राबद्दल लिहिल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. ऑक्सिजन, पेट घेणारा वायू, हायड्रोजन सल्फाइड आणि कार्बन मोनॉक्साइड असे चार आकडे ते दाखवतं. सोबत दाबायचा हातपंप आणि दहा मीटर नळी. टाकीत माणूस उतरायच्या आधी ही नळी आत सोडायची. आधी वर, मग मध्ये, मग थेट तळाशी, आणि प्रत्येक ठिकाणी थांबायचं. नळीतून हवा यंत्रापर्यंत यायला वेळ लागतो. नळी सोडली की लगेच आकडा वाचणारा माणूस टाकीतली नाही, नळीतली जुनी हवा वाचत असतो. हायड्रोजन सल्फाइड हवेपेक्षा जड, तळाला बसतो. सुरुवातीला सडक्या अंड्याचा वास येतो, आणि प्रमाण वाढलं की नाकच बधिर होतं. ‘वास गेला, आता उतरा’ असं म्हणणारे मुकादम मी स्वतः पाहिले आहेत. ऑक्सिजन बाहेर 20.9 टक्के असतो. आत 19.5 च्या खाली दिसला की माझा माणूस उतरत नाही, समोर मालक उभा असो की मालकाचा बाप.

आमचं पहिलं मोठं गिऱ्हाईक रत्नागिरीत मिरकरवाडा मासेमारी बंदराजवळचे एक बर्फ कारखानदार. आम्ही त्यांना काका म्हणतो. त्यांच्याकडे बर्फ गोठवायचा अमोनियाचा प्लँट. रिसीव्हरच्या, म्हणजे द्रव अमोनियाच्या टाकीच्या, तळाला साचलेलं तेल काढायचं काम एक पोऱ्या एकटा करायचा. व्हॉल्व्ह उघडायचा, बादली लावायची आणि तेल येईपर्यंत दुसरीकडे जायचं. तेल संपलं की मागून अमोनिया येतो, हे त्याला माहीत होतं, पण वर्षानुवर्षं काही झालं नव्हतं. काकांनी आम्हाला बोलावलं ते मास्क किती घ्यायचे हे विचारायला. मावसभाऊ म्हणाला, “काका, मास्क नंतर. आधी हा व्हॉल्व्ह.” त्या लाइनवर त्याने स्प्रिंगचा दुसरा व्हॉल्व्ह बसवला. मूठ हाताने धरून ठेवली तरच उघडा राहतो, सोडली की आपोआप बंद. पोऱ्याला जागा सोडून जाताच येईना. मास्क हा शेवटचा उपाय. धोका काढून टाकता येतो का, त्याजागी कमी धोक्याचं काही चालतं का, यंत्रानेच अडवता येतो का, कामाची पद्धत बदलता येते का, हे सगळं विचारून झाल्यावर मास्क. आमचा सगळा धंदा याच क्रमावर चालतो.

काकांनी तेव्हापासून एकही वर्ष खंड पडू दिला नाही. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद, म्हणून बर्फही बंद, म्हणून देखभाल तेव्हाच. खाऱ्या वाऱ्याने खाल्लेल्या शिड्या, इन्सुलेशनच्या आत गुपचूप गंजलेले पाइप, सगळं त्या दोन महिन्यांत उघडून बघायचं. मावसभाऊ 2012 ला मुंबईला गेला, तरी काकांचा प्लँट बघायला दोन वर्षं जूनमध्ये तो रजा टाकून आला.

मधली वर्षं बरी गेली.

2017 साली बाहेरून एक सल्लागार आला. नाव लिहीत नाही. आमच्या चौथाई दरात तो जोखमीचा तक्ता, ज्याला कंपनीत सगळे ‘हिरा’ म्हणतात, दोन दिवसांत करून द्यायचा. आम्हाला एका कारखान्याला दोन माणसं आणि चार दिवस लागत, त्यात एक रात्रपाळी ठरलेली, कारण रात्री काय चालतं ते दिवसा कोणी सांगत नाही. त्याचा तक्ता रंगीत, बांधणी चकचकीत, आणि सगळे धोके हिरवे, म्हणजे किरकोळ. शक्यता एक, गंभीरता दोन, गुणाकार दोन, विषय संपला. माणूस मरू शकतो अशा ठिकाणी गंभीरता दोन कशी? तर म्हणे, मास्क दिलाय. मास्क दिल्याने शक्यता कमी होईल एखादवेळेस, पण विषारी हवा कमी विषारी होत नाही. शिवाय गाळणीचा मास्क ऑक्सिजन तयार करत नाही. ऑक्सिजनच नसलेल्या टाकीत तो तोंडाला बांधून उतरलेला माणूस तितकाच मरतो.

दीड वर्षात चौदा गिऱ्हाइकांची पाच झाली. कामावरच्या दोन मुलांपैकी एकाला मी हात जोडून दुसरीकडे नोकरी बघायला सांगितलं. आणि त्याच सुमारास एका आंबा कॅनिंगवाल्याने त्या सल्लागाराचा तक्ता मला दाखवला. सहाव्या पानावर लिहिलं होतं : ‘अमोनिया लाइनची झपड बंद असल्याची खात्री करावी.’ झडपचं झपड ही माझी टायपिंगची चूक, काकांच्या 2011 च्या तक्त्यातली. त्या कॅनिंगच्या कारखान्यात अमोनियाचा थेंब नाही. माझा तक्ता कुणाच्या हातून त्याच्याकडे गेला ते मला आजही कळलेलं नाही, आणि आजही तो राग गेलेला नाही.

त्यातून सावरतोय तोवर 22 जुलै 2021. वाशिष्ठीचं पाणी पहाटे बाजारपेठेत शिरलं. कपाटाच्या माथ्यावर ठेवलेले दोन डिटेक्टर, कॅलिब्रेशन गॅसच्या, म्हणजे यंत्राचा आकडा बरोबर येतो का ते पडताळायच्या गॅसच्या, बाटल्या, चौदा वर्षांच्या फायली, सगळं चिखलात. पाणी ओसरल्यावर गाळ्यात पाय ठेवला तर मासळीचा वास आणि फुगलेले कागद. जुना पूल खचलेला, लोट्याकडे जायचं तरी कसं? मी घरी सांगून टाकलं, हे बंद.

आमचा तिसरा, सर्वांत जुना डिटेक्टर मात्र वाचला होता, कारण जुलै महिना असल्याने तो रत्नागिरीत काकांच्या प्लँटवर होता. चौथ्या दिवशी काकांचा टेम्पो आला. त्यात डिटेक्टर, पिण्याच्या पाण्याचे कॅन आणि पुढच्या वर्षाच्या कामाचा आगाऊ चेक. त्या आठवड्यात त्याच यंत्राने आम्ही फुकटात घराघरांतल्या बंद टाक्या आणि विहिरी तपासल्या. बंद खोलीत जनरेटर लावून बसलेल्या एका कुटुंबाला बाहेर काढलं. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म दारातच वाजत होता.

2022 च्या डिसेंबरात एका मासळी प्रक्रिया कारखान्यातून फोन आला. सांडपाण्याच्या टाकीत गाळ काढायला उतरलेला कंत्राटी मुलगा तिसऱ्या पायरीवर भोवळ येऊन पडला. दुसरा मागोमाग उतरणार, तेवढ्यात वॉचमनने त्याला मिठी मारून धरलं आणि आधी ब्लोअर लावून हवा सोडायला लावली. वाचवायला उतरलेलाही तिथेच राहतो, हे त्या वॉचमनला कुणी शिकवलं होतं कोण जाणे. ब्लोअर चालू ठेवून गळाने मुलाला ओढून काढला, तो वाचला. त्यांच्या फाइलमध्ये तोच रंगीत तक्ता होता, टाकीसमोर हिरवा रंग. तेव्हा लागू असलेल्या कारखाने अधिनियम 1948 च्या कलम 36 प्रमाणे जाणकार माणसाने स्वतः तपासून लेखी दाखला द्यायचा, नाहीतर श्वसनयंत्र आणि पट्टा, आणि पट्ट्याच्या दोरीचं दुसरं टोक बाहेरच्या माणसाच्या हातात. तिथे दाखला नव्हता, पट्टा नव्हता, दोरीसुद्धा नव्हती.

तुम्ही कारखाना चालवत असाल तर सांगतो, तुम्ही विचारलं नसलं तरी. सल्लागाराचा तक्ता हातात आला की त्याला टाकीपाशी न्या आणि म्हणा, नळी सोडून दाखवा. डिटेक्टरच्या मागचं कॅलिब्रेशनचं स्टिकर वाचा. कंत्राटदाराच्या माणसांना बोलावून, मालक बाजूला ठेवून, विचारा की गाळ काढताना खरं काय करता.

आता पाच माणसं आहेत, गाळा वरच्या मजल्यावर घेतला. यंदाही 1 जूनला काकांकडे गेलो. त्यांचं वय झालंय, प्लँट मुलगा बघतो. स्प्रिंगचा तो व्हॉल्व्ह दोनदा बदलला आहे. मी मूठ धरली, सोडली, ती खटकन बंद झाली. काका खुर्चीतूनच म्हणाले, “बंद झाली ना? मग चहा घ्या.”