ताईची फुंकर

ताईने विमानावर फुंकर मारली. "इतकं नाजूक केलंस आणि जळमटं कसली लागू दिलीस रे त्याला?" एवढं बोलून फोन घ्यायला बाहेर गेली.

ती जळमटं म्हणजे माझ्या बी.ई.२सीच्या तारा. पहिल्या महायुद्धातलं हे ब्रिटिश विमान, त्याचं छोटं मॉडेल मी करतोय.

स्प्रू, म्हणजे मॉडेलचे भाग जिला जोडून येतात ती प्लास्टिकची काडी, मेणबत्तीवर फिरवायचा, मऊ पडला की बाजूला घेऊन एका झटक्यात ओढायचा. दहा धाग्यांतला एखादा सारखा निघतो. खरी तार पाच मिलिमीटरची धरली तर १:४८ च्या प्रमाणात एक दशांश मिलिमीटर. शिवाय पंख उचलून धरणाऱ्या तारा जोडीने, शेजारी शेजारी. सुपरग्लू जास्त झाला की टोकाशी पांढरी बुरशी धरते, म्हणून तो सुईच्या अग्रावर घ्यायचा. आणि जळमटं!

ती ज्यासाठी आली होती ते बोलणं राहिलंच. असो.

पण तिला नक्की काय दिसलं? बारीक दिसलं असेल तर ती शाबासकीच. ढिलं दिसलं असेल तर मात्र... रात्री टॉर्च लावून एकेक तार पाहिली. सगळ्या ताठ. तरी झोप नाही. कुणाला दाखवायचंच कशाला, आपण आपलं कपाटात ठेवावं, कोण विचारतंय, वगैरे वगैरे.

टॉर्च पुढच्या खुर्चीवर पडला. या विमानात निरीक्षक पुढे, वैमानिक मागे. डोक्यावर वरचा पंख, आजूबाजूला खांब आणि तारा, समोर चार पात्यांचा पंखा. तो बंदूक रोखणार कुठे? १९१५ च्या उन्हाळ्यात जर्मनांचं फोकर आइनडेकर हे लढाऊ विमान पंख्याच्या पात्यांमधून गोळ्या झाडायला लागलं, आणि हा आपला तारांच्या आड. बॉम्ब न्यायचे असले की वजन नको म्हणून बहुतेक वेळा यालाच खाली उतरवायचे!

यात एडवर्ड बस्क या इंजिनिअरचा काय दोष? वैमानिकाने हात सोडले तरी विमान सरळ उडावं, त्याला निवांत खालची जमीन न्याहाळता यावी, यासाठी त्याने सगळं गणित मांडलं. ते इतकं जमलं की विमान चटकन वळेना. लोक त्याला 'फोकरचा चारा' म्हणायला लागले. ते ऐकायला बस्क नव्हता. १९१४ च्या नोव्हेंबरात याच जातीच्या विमानाला हवेत आग लागून तो गेला होता. साडेतेवीस सेंटिमीटरच्या पंखांवरून मी किती रुसावं, याला काही प्रमाण?

तरी बारीक म्हणाली की ढिलं, ते तिला विचारणारच आहे.

आज शेपटीकडच्या तारा लावल्या. त्यातली एक जराशी झोल खात होती. पेटती उदबत्ती जवळून नेली की स्प्रू आक्रसतो, तार ताणली जाते. फार जवळ नेली की तुटते. श्वास धरून बसलो होतो, तेवढ्यात बाहेरून ताईचा आवाज, "आज काय पूजा आहे का रे?"

हो म्हणालो.