आमच्या घरातला लाइनमन

"लाइनमन? म्हणजे आपल्या वीज मंडळातला?" सासूबाईंनी सांगलीहून व्हिडिओ कॉलवर अगदी मनापासून विचारलं. नातू शाळेच्या फुटबॉल संघात लाइनमन म्हणून निवडला गेला, हे मी मोठ्या कौतुकानं सांगत होते. पुढचा प्रश्न, "मग गोल किती केले पोरानं?"

काय सांगणार? इथल्या, म्हणजे अमेरिकेतल्या फुटबॉलमध्ये चेंडू ज्यांच्याकडे असतो, त्या संघाचे पाच धिप्पाड गडी पुढं ओळीनं उभे असतात, तेच लाइनमन. मधला सेंटर, त्याच्या दोन्ही बाजूंना गार्ड, कडेला टॅकल. समोरचे अंगावर धावून येतात, त्यांना थोपवायचं, म्हणजे मागच्या क्वार्टरबॅकला चेंडू फेकायला दोन-तीन सेकंद मिळतात. आमचा लेक गार्ड आहे. बहुतेक सामन्यांत त्याचा हात चेंडूला लागतही नाही. त्याच्या नावावर गुण नाहीत, यार्ड नाहीत, कुठं छापून यावा असा आकडाच नाही. समोरच्याला धरून ठेवलं, तर मात्र पंचांचा पिवळा रुमाल पडतो आणि संघ 10 यार्ड मागं जातो. टीव्हीवरच्या मोठ्या सामन्यांत तर पंच माइक चालू करून चुकलेल्या खेळाडूचा नंबर साऱ्या स्टेडियमला ऐकवतात. एरवी तो नंबर कुणी घेत नाही. सासूबाईंचा प्रश्न तसा बरोबरच होता. भर पावसात खांबावर चढणाऱ्या लाइनमनची आठवण आपल्याला लाइट गेल्यावरच होते.

पण मला आज लिहायचंय ते वजनाबद्दल.

तीन वर्षांपूर्वी मे महिन्यात घरच्या लग्नाला सांगलीत होतो. लेक तेराचा. हॉलच्या दारातच पहिलं वाक्य, "अगं बाई, केवढा सुटलाय हा!" मग दिवसभर तेच. "अमेरिकेत काय खायला घालतेस गं?" "ह्याला वेळीच आवरा." फोटोवाल्यानं त्याला मागच्या रांगेत पाठवलं. पंगतीत वाढणाऱ्यानं जिलबीचं ताट त्याच्यापुढं आणून विचारलं, "वाढू, की पुरे?" आणि आसपासचे हसले. ज्या पोरानं जिलबीसाठी वर्षभर वाट बघितली होती, तो "नको" म्हणाला. ही सगळी माणसं त्याच्यावर जीव टाकतात, आजारी पडला असता तर रात्रभर उशाशी बसली असती, हे मला माहीत आहे. म्हणूनच जास्त लागलं. परतीच्या विमानात तो मला म्हणाला, "आई, पुढच्या वर्षी नको जाऊ या." त्यानंतर दोन वर्षं आम्ही गेलो नाही. तिकिटं महाग होती हे खरं, पण तेवढंच कारण नव्हतं. हे वाचून घरचे रागावतील, रागावू देत.

इथं कुणी हिणवत नाही असं नाही. पण हायस्कूलच्या पहिल्या आठवड्यात कोचनं त्याला बघितलं आणि म्हणाले, "मी तुझ्यासारख्याचीच वाट बघत होतो." त्या संध्याकाळी लेक सरळ चालत घरी आला. खांदे पाडून चालायची त्याची सवय मोडायला मी किती वर्षं घालवली होती!

आम्ही 2016 साली क्लीव्हलँडला आलो, तेव्हा इथला ब्राउन्स हा व्यावसायिक फुटबॉल संघ हंगामात 16 पैकी एकच सामना जिंकला. पुढच्या वर्षी एकही नाही. तरी ऑफिसात सगळे एका माणसाबद्दल आदरानं बोलायचे: डावा टॅकल जो थॉमस. विस्कॉन्सिनचा. 2007 साली नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत (ड्राफ्टमध्ये) ब्राउन्सनी त्याला तिसऱ्या क्रमांकावर निवडलं, तेव्हा तो न्यूयॉर्कच्या समारंभात नव्हता, वडिलांबरोबर मिशिगन सरोवरात मासे पकडत होता. डावा टॅकल म्हणजे उजव्या हातानं फेकणाऱ्या क्वार्टरबॅकची पाठ राखणारा. कितीतरी क्वार्टरबॅक आले आणि गेले, थॉमस तिथंच उभा. चेंडू एकदा खेळात आला की तो एक डाव; पहिल्या सामन्यापासून असा एकही डाव न चुकवता सलग 10,363 डाव! ऑक्टोबर 2017 मध्ये डाव्या दंडाचा स्नायू फाटला, तेव्हाच तो मैदानाबाहेर गेला. अकरा वर्षांत एकही बाद फेरीचा सामना त्याच्या वाट्याला आला नाही. तरी 2023 मध्ये, पात्र ठरल्याच्या पहिल्याच वर्षी, तो हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे फुटबॉलमधल्या थोर खेळाडूंच्या मानाच्या दालनात गेला. ते दालन आहे कँटन गावात, आमच्यापासून तासाभरावर. लेकाला घेऊन गेलो, तर थॉमसच्या ब्राँझच्या अर्धपुतळ्यासमोरून तो हलेना. ज्या कामाला आकडा नाही, त्यात या माणसानं आकडा उभा केला.

आमच्या ह्यांचा विरोध होता आणि अजूनही थोडा आहे. गुडघे, डोक्याला मार, ही भीती मलाही आहे. मार बसल्याची शंका आली तरी मुलाला लगेच बाहेर काढतात आणि डॉक्टरांनी लिहून दिल्याशिवाय परत घेत नाहीत, असं मी ह्यांना सांगते. ते मी स्वतःलाही सांगते.

गेल्या गुरुवारी बेल वाजली. दारात संघातल्या रनिंग बॅकची आई, हातात पास्त्याचा भला मोठा ट्रे. तिचा मुलगा चेंडू घेऊन पळतो, टाळ्या त्यालाच. ती म्हणाली, "आज पाच घरी जायचंय. तुमची मुलं पुढं असतात म्हणून माझा उभा राहतो." मला काही बोलताच येईना. रिकामा ट्रे परत द्यायचा नसतो, म्हणून मी त्यात घरच्या चकल्या भरून दिल्या.

शुक्रवारी मी वही घेऊन सामन्याला गेले आणि लेक मैदानात असताना प्रत्येक डावाला एक रेघ ओढली. रात्री, म्हणजे सांगलीच्या सकाळी, सासूबाईंना आकडा कळवला: 51.

त्यांचं लगेच उत्तर आलं, "पडला किती वेळा?"

"दोनदा. दोन्ही वेळा उठला."




"मग आता त्याला पोटभर जेवायला घाल."