ग्रीन-वुडच्या टेकडीवर जिम क्रेटन

न्यूयॉर्कला गेल्यावर ब्रुकलिनची ग्रीन-वुड दफनभूमी पाहायचीच, हे मी आधीपासून ठरवलं होतं. आर ट्रेनने २५व्या स्ट्रीटला उतरून थोडा चढ चढलं की गॉथिक कमान दिसते. तिच्या कळसांत हिरव्या पोपटांनी काटक्यांची घरटी केली आहेत. केवढा तो कलकलाट!

मला मात्र जिम क्रेटनला भेटायचं होतं, म्हणजे बेसबॉलच्या सुरुवातीच्या काळातल्या एका पिचरला (चेंडू टाकणाऱ्याला). जन्म १८४१, मृत्यू १८६२. संगमरवरी स्तंभावर एकमेकींवर ठेवलेल्या बॅट आणि टोपी कोरली आहे, ‘एक्सेल्सिअर’ हे त्याच्या बेसबॉल क्लबचं नावही आहे. माथ्यावरचा दगडी चेंडू कधीचा गायब झाला होता. २०१४मध्ये नवा बसवला.

त्या काळी पिचरने खांद्याखालून, हात ताठ ठेवून, बॅट्समनला मारता येईल असा चेंडू द्यायचा. अंतर ४५ फूट. मनगटाला झटका द्यायची मुभा नव्हती. क्रेटन तो इतक्या सफाईने देई की अंपायरच्या नजरेत येत नसे. चेंडू वेगात सुटायचा, शिवाय फिरकी, आणि मधूनच एखादा अगदी संथ. माझ्या मते बेसबॉल खऱ्या अर्थाने इथे सुरू झाला, कारण आता पिचर बॅट्समनशी झुंजू लागला. खेळ हौशी असताना एक्सेल्सिअरने १८६०मध्ये त्याला गुपचूप पैसे देऊन घेतलं, असं मानतात. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये एक्सेल्सिअरने सेंट जॉर्ज क्रिकेट क्लबविरुद्धचा बेसबॉल सामना २५-० असा जिंकला. क्रेटन स्वतः क्रिकेटही उत्तम खेळायचा, त्यामुळे मला तो आपल्यातलाच वाटतो.

१४ ऑक्टोबर १८६२च्या सामन्यानंतर त्याच्या पोटात असह्य दुखू लागलं आणि चार दिवसांनी, वडिलांच्या घरी, तो गेला. वय अवघं २१. होम रन (सगळे बेस फिरून येता येईल असा मोठा फटका) मारताना पोटात काहीतरी फुटलं, ही कथा सगळीकडे सांगतात. आजचे अभ्यासक हर्निया अडकल्याचं सांगतात, आणि ते मला जास्त पटतं. क्लबच्या अध्यक्षांनी तर दोष क्रिकेटवर ढकलला होता! त्याच्या मरणाची कथा सगळे सांगतात, मनगटाबद्दल कुणी बोलत नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

पुढे त्याची नक्कल करणारे पिचर वेगाच्या नादात चेंडू वाटेल तिकडे फेकू लागले. म्हणून काही वर्षांतच नियम बदलले आणि खराब चेंडूंना अंपायर ‘बॉल’ देऊ लागले, म्हणजे ते पिचरच्या विरोधात मोजू लागले.