कोऱ्या नकाशावरचे मध्ययुग

शाळेच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त लिहायला बसल्यावर मला सर्वप्रथम आठवतात त्या आमच्या इतिहासाच्या बाई आणि त्यांनी शिकवलेले मध्ययुगीन जग. राजांच्या वंशावळी त्यांनी टाळल्या नाहीत, परंतु त्या कालखंडात माणसे, माल आणि रोगराई कोणत्या वाटांनी फिरत होती, हे समजल्याखेरीज वंशावळींना अर्थ नाही, अशी त्यांची ठाम धारणा होती आणि ती मला आजही योग्य वाटते.

सातवीत त्यांनी अल-इद्रिसी या अरब भूगोलज्ञाच्या जगाच्या नकाशाची प्रत फळ्याशेजारी टांगली. सिसिलीचा राजा दुसरा रॉजर याच्यासाठी ११५४ मध्ये तयार झालेल्या या नकाशात दक्षिण दिशा वर असल्यामुळे भूमध्य समुद्र ओळखायलाही आम्हांला बराच वेळ लागला. तो वेळ बाईंनी मुद्दाम घेऊ दिला.

आठवीतील प्लेगचा धडा तर मनात पक्का बसला आहे. त्या दिवशी पुस्तक मिटायला सांगून बाईंनी कोरे नकाशे वाटले आणि फळ्यावर फक्त गावे व तारखा लिहिल्या : काळ्या समुद्रावरील काफा, १३४६, सिसिलीतील मेसिना, ऑक्टोबर १३४७, लंडन, १३४८ ची अखेर. ठिपके जोडता जोडता साथ व्यापारी जहाजांबरोबर बंदरांतून पुढे सरकली, हे वर्गानेच सांगितले. एवढे मजूर मेल्यावर उरलेल्यांच्या मजुरीचे काय होईल, हा त्यांचा पुढचा प्रश्न होता. मजुरी वाढेल, असे उत्तर आल्यावर त्यांनी इंग्लंडमधील १३४९ चा राजाचा हुकूम आणि १३५१ चा कायदा समजावून सांगितला. मजुरी साथीपूर्वीच्याच दराने द्यावी, असे दोन्हींत बजावलेले होते. मागच्या बाकावरील एका मुलीने विचारले, “बाई, दोनदा सांगावे लागले, म्हणजे पहिल्यांदा कोणी ऐकलेच नाही का?” बाईंनी उत्तर न देता फळ्यावर १३८१ हा शेतकऱ्यांच्या उठावाचा सन लिहिला आणि मधल्या तीस वर्षांत काय घडले असेल, ते आम्हांला लिहून आणायला सांगितले.

क्रुसेड्स, म्हणजे युरोपीय ख्रिश्चनांची धर्मयुद्धे, मात्र त्यांनी लवकर आटोपली. नववीत त्यांची भिस्त इतिहासाच्या साधनांवर, म्हणजे जुन्या लेखी नोंदींवर होती. पश्चिम आफ्रिकेतील मालीचा राजा मन्सा मूसा १३२४ मध्ये हजला जाताना कैरोत थांबला आणि त्याने वाटलेल्या सोन्यामुळे तेथील सोन्याचा भाव उतरला, ही हकीकत सांगून झाल्यावर ती नोंदवणारा अरब लेखक अल-उमरी त्या वेळी तेथे होता का, असे त्या विचारत. त्याने ती सुमारे बारा वर्षांनंतर, ऐकलेल्या गोष्टींच्या आधारे लिहिली, हे कळल्यावर कोणता भाग विश्वासार्ह मानावा, यावर वर्गात मनापासून वाद होत असे.

आज शाळेत इतिहास शिकवणाऱ्या शिक्षकांना माझी एकच विनंती आहे : अभ्यासक्रम कितीही लांबला, तरी आठवीच्या वेळापत्रकात कोऱ्या नकाशाचा तो तास अवश्य राखून ठेवावा.