हेपरिनशिवाय डायलिसिस: सर्किट गोठू नये म्हणून

मेंदूतला रक्तस्राव, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया, किडनीची बायॉप्सी, हृदयाच्या आवरणाला आलेली सूज. अशा पेशंटला डायलिसिस टाळता येत नाही आणि हेपरिनही (रक्त गोठू न देणारं औषध) देता येत नाही. ऑर्डरवर 'नो हेपरिन' दिसलं की सगळ्यांचं लक्ष सलाईन फ्लशकडे, म्हणजे मध्येमध्ये सलाईन सोडून सर्किट धुण्याकडे, जातं. फ्लश हवाच. पण सर्किट (रक्त फिरतं त्या नळ्या आणि डायलायझर) गोठलं की आधी दोन गोष्टी तपासाव्यात असं आमचं ठाम मत आहे: रक्त कुठे थांबलं होतं, आणि हवेशी त्याचा संपर्क कुठे आला.

त्यामुळे खरं काम प्रायमिंगपासूनच, म्हणजे रक्त येण्याआधी सर्किट सलाईनने भरून हवा काढण्यापासूनच, सुरू होतं. डायलायझरची (बारीक पोकळ तंतूंची गाळणी) व्हेनस बाजू, म्हणजे रक्त पेशंटकडे परत जातं ती बाजू, वर ठेवून, हलकं थोपटत, शेवटचा बुडबुडा निघेपर्यंत सलाईन सोडा. ज्या तंतूत हवा अडकते तिथे रक्त फिरत नाही, आणि गोठायला तिथूनच सुरुवात होते. व्हेनस चेंबर (परतीच्या लाईनवरचा हवा अडवणारा कप्पा) साधारण तीन चतुर्थांश भरलेला असू द्या. पातळी खाली राहिली तर पडणाऱ्या रक्ताला फेस येतो आणि त्या फेसातच गुठळी धरते.

काही युनिटमध्ये एक लिटर सलाईनमध्ये ३००० ते ५००० युनिट हेपरिन घालून सर्किट फिरवतात आणि मग साध्या सलाईनने ते धुऊन टाकतात. हेपरिनमुळे प्लेटलेट घसरलेल्या पेशंटला मात्र हे चालत नाही. त्याच्यासाठी हेपरिनचा लेप असलेला डायलायझरही नको आणि कॅथेटरमध्ये हेपरिन लॉकही (डायलिसिस संपल्यावर कॅथेटर गोठू नये म्हणून आत भरून ठेवतात ते औषध) नको. ही लॉकची गोष्ट हमखास विसरली जाते. डायलिसिस हेपरिनशिवाय होतं आणि शेवटी कॅथेटरमध्ये हेपरिन भरलं जातं. लुमेनवर (कॅथेटरच्या नळीवर) छापलेल्या मापाइतकंच भरलं तरी त्यातलं थोडं शरीरात उतरतं. रक्तस्रावाच्या पेशंटला ४ टक्के सायट्रेटचा (कॅल्शियम बांधून गोठणं रोखणारं द्रावण) लॉक बरा.

पंपाचा वेग झेपेल तितका जास्त ठेवा, फिस्टुला (डायलिसिससाठी हातात जोडलेली धमनी आणि शीर) चांगला असेल तर ३०० ते ४०० मिली प्रति मिनिट. पण युरिया खूप वाढलेल्या पेशंटचं पहिलंच डायलिसिस असेल किंवा मेंदूला सूज असेल तर वेग मुद्दाम कमी ठेवावा लागतो. तिथे गोठण्याचा धोका पत्करून सेशन दोन तासांवर आणणं शहाणपणाचं. वेगाइतकंच महत्त्व अखंड प्रवाहाला आहे. सुई भिंतीला टेकली, अलार्म वाजला, पंप थांबला, कोणीतरी येईपर्यंत दोन मिनिटं गेली, की नंतरचे सगळे फ्लश मिळूनही ते नुकसान भरून काढत नाहीत. म्हणून सुरू करण्याआधी सिरिंजने दोन्ही बाजूंचा प्रवाह तपासा आणि अशा पेशंटजवळ एक माणूस बसवा. सर्किटमधून रक्त चढवणं शक्यतो टाळा, त्याने आतलं रक्त आणखी दाट होतं.

फ्लश दर १५ ते ३० मिनिटांनी, १०० ते २०० मिली. आधी सलाईनचा क्लॅम्प उघडा, मग पेशंटकडून येणारी आर्टेरियल लाईन सलाईनच्या जोडाच्या अलीकडे बंद करा. क्रम उलटा झाला तर पंप बंद लाईनवर ओढत राहतो आणि अलार्म येतो. डायलायझर फिका होताना नीट पाहा: सगळे तंतू सारखे पांढरे झाले तर ठीक, काळ्या रेषा राहिल्या तर ते तंतू गेले. झाल्यावर आर्टेरियल लाईन उघडा, सलाईन पूर्ण बंद करा. हा जोड पंपाच्या आधी, म्हणजे ओढीच्या बाजूला असतो. क्लॅम्प जरा सैल राहिला तर पेशंटला नकळत सलाईन जात राहतं आणि बाटली रिकामी झाली तर हवा आत येते.

फ्लशचं पाणी काढून टाकायलाही हवं. तीन तासांच्या सेशनमध्ये दर अर्ध्या तासाने १५० मिली, असे पाच फ्लश म्हणजे ७५० मिली. शेवटी रक्त परत करताना २५० मिली. पेशंटचं १.५ लिटर पाणी काढायचं असेल तर मशीनवर २.५ लिटर लावावं लागतं, म्हणजे ताशी सुमारे ८३३ मिली. इतक्या ओढीने डायलायझरमधलं रक्त दाट होतं आणि गोठणं वाढतं. इथेच वारंवार फ्लश देण्याची मर्यादा दिसते.

सायट्रेटवाला डायलिसेट (डायलायझरमध्ये तंतूंच्या बाहेरून फिरणारं द्रावण) हा त्यातल्या त्यात सोपा पर्याय. त्यात ॲसेटिक ॲसिडऐवजी सायट्रिक ॲसिड असतं. ते कॅल्शियम थोडं बांधून ठेवतं, त्यामुळे गोठणं मंदावतं आणि वेगळा पंप लागत नाही. आर्टेरियल लाईनमध्ये सायट्रेट सोडून पेशंटला कॅल्शियम परत देण्याची पद्धत अधिक खात्रीची, पण डायलायझरनंतरचं आयनाइज्ड (न बांधलेलं, मोकळं) कॅल्शियम ०.२५ ते ०.३५ मिलिमोल प्रति लिटरच्या आसपास आणि पेशंटचं नॉर्मल राहतंय का हे सतत मोजावं लागतं. यकृत निकामी असेल तर सायट्रेट साचतं. मोजायची सोय नसेल तर ही पद्धत सुरू करू नका.

प्रेशरवरून गुठळी कुठे आहे ते कळतं. डायलायझरच्या आधीचं प्रेशर वाढतंय आणि व्हेनस तसंच आहे किंवा घसरतंय, तर अडथळा डायलायझरमध्ये. दोन्ही वाढत असतील तर व्हेनस चेंबर किंवा त्यापुढे. रक्त काळपट दिसू लागलं, चेंबरच्या जाळीवर दोरे दिसले, तर वाट पाहू नका: प्रेशर अजून आटोक्यात असतानाच रक्त परत करा आणि सर्किट बदला. पूर्ण गोठलेलं रक्त जोर लावून परत ढकलू नका, ते सोडून द्यावं लागतं. सर्किटमध्ये साधारण १५० ते २५० मिली रक्त असतं. आधीच रक्तस्राव होणाऱ्या पेशंटला ते परवडत नाही. कितव्या मिनिटाला, कुठे गोठलं आणि पंप किती वेळा थांबला होता, हे फाईलमध्ये लिहा. पुढच्या सेशनचा वेळ आणि वेग त्यावरूनच ठरवता येतो.