तुम्ही विचारलंत म्हणून: दोन रंगांतला तांब्या

प्रदर्शनात कुणी ना कुणी विचारतंच. "मॅडम, जाहिरातीचं काम पोटासाठी आणि ही चित्रं मनासाठी, असंच ना?" विचारणाऱ्याच्या आवाजात माया असते, थोडी कीवही असते. खोकी आणि लेबलं करण्यात उमेदीची वर्षं गेली आणि आता कुठे तांबे-वांगी रंगवायला सवड मिळाली, असा समज असतो. तुम्ही विचारलंत म्हणून सांगते, तसं झालं नाही. दोन्ही कामं पहिल्यापासून एकाच टेबलावर झाली.

शाळेत इंटरमिजिएट ड्रॉइंगच्या परीक्षेला स्थिरचित्र, संकल्पचित्र आणि अक्षरलेखन सगळं असायचं. त्या वयात हे विषय वेगळ्या जातीचे वाटत नाहीत. फूट पुढे पडते. मी मुंबईच्या जे. जे. कला महाविद्यालयात अप्लाइड आर्टला, म्हणजे जाहिरात-छपाईच्या कलेला गेले. अप्लाइड आर्टची संस्था 1961 मध्ये चित्रकलेच्या शाळेपासून स्वतंत्र झालेली. आवार एकच, चूल वेगळी. मला मात्र दोन्हीकडची भूक होती, म्हणून रविवारी घरी आईचा पितळी तांब्या खिडकीत ठेवून रंगवत बसायची.

नोकरीला लागल्यावर दुसऱ्याच वर्षी तुपाच्या डब्याचं लेबल आलं. मालकांना लेबलावर पितळेचा तांब्या हवा होता आणि पैसे होते दोन रंगांच्या छपाईपुरते. पिवळा आणि तपकिरी. सोनेरी शाई नाही, फोटो नाही. सगळे म्हणाले, बाह्यरेषा काढ आणि आत पिवळा भर.

पण पितळ पिवळं नसतंच! हे मला रविवारांनी शिकवलं होतं. तांब्याचं बरंचसं अंग काळपट तपकिरी असतं, पोटावर खिडकीचा पांढरा तुकडा असतो, आणि पिवळा दिसतो तो या दोहोंच्या सीमेवर, पट्टीसारखा. मी तेवढंच केलं. तेव्हा आर्टवर्क दोन्ही रंगांसाठी काळ्या शाईतच काढायचं. बोर्डावर तपकिरीचं, वरच्या ट्रेसिंगवर पिवळ्याचं, कोपऱ्यांत जुळणीच्या खुणा. रंग यंत्रावर चढायचा. मधली छटा हवी होती तिथे पेननं एकेक ठिपका टाकला. पांढऱ्यासाठी काहीच छापलं नाही, कागद उघडा ठेवला. पहिल्या प्रूफला, म्हणजे चाचणीच्या छपाईला, पिवळा केसभर सरकला आणि चमक गेली. दुसऱ्या प्रूफला तांब्या उजळला. मशीनवरच्या काकांनी कागद हातभर लांब धरला आणि नुसती मान हलवली. इतकी वर्षं झाली, तो क्षण मला आजही कुठल्याही बक्षिसाहून मोठा वाटतो.

त्यानंतर तैलरंगातही मी पांढरा लावण्याआधी थांबायला लागले. कॅनव्हास उघडा ठेवून भागतंय का, ते आधी बघायचं. ही छापखान्याची देणगी. आणि वेळेची शिस्तही. भरताचं वांगं सकाळी आणलं तर संध्याकाळी देठ मान टाकतो, सालीवरची निळसर झाक जाते. क्लाएंट परवा या म्हणू शकतो, वांगं म्हणत नाही.

इटलीतल्या बोलोन्याचा चित्रकार मोरांदी आयुष्यभर त्याच त्या बाटल्या रंगवत राहिला. तो बाटल्यांची लेबलं काढून टाकायचा, काहींना तर आधी रंगाचा हात द्यायचा, म्हणजे चमक मध्ये येऊ नये. शिवाय 1930 ते 1956 एचिंग, म्हणजे धातूच्या पत्र्यावर आम्लानं रेषा कोरून छापायची कला, शिकवायचा. त्याच्याबद्दल मला अपार आदर आहे, तरी लेबल सोलणं मला जमलेलं नाही. मला वस्तूवर माणसाचा हात फिरलेला दिसावा लागतो. आपल्या मुंबईतले आरा मला त्यामुळे जवळचे वाटतात. 1947 च्या प्रोग्रेसिव्ह गटातले हे चित्रकार. त्यांची फुलं, फळं, भांडी कुणीतरी आत्ताच मांडून गेल्यासारखी वाटतात. त्याच गटातल्या हुसेन यांनी सिनेमाची होर्डिंगं रंगवली होती, हेही कीव करणाऱ्यांनी ध्यानात ठेवावं.

मागच्या दिवाळीत नणंदबाईंकडे चिपळूणला गेले. स्वयंपाकघराच्या खिडकीत मोहरीचा डबा होता. तोच! लेबल तुपानं तेलकट झालेलं, पिवळा उन्हानं पार उडालेला, तपकिरी मात्र शाबूत. पोटावरचा पांढरा तुकडा आता कुठे सुरू होतो ते कळत नाही. मी डबा मागून घेतला. त्या म्हणाल्या, "वहिनी, नवीन स्टीलचा देते की." मोहरी त्यांना काढून दिली.

डबा आता माझ्या टेबलावर आहे, शेजारी आईचा तांब्या. सकाळी नऊ ते साडेदहा उजेड बरोबर येतो. उडालेला पिवळा कसा रंगवायचा, ते अजून जमत नाहीये. आज तिसरा कॅनव्हास लावलाय.